मॉडेस्टो, खोली क्रमांक सहा

न्यायाधीशबाईंनी तो शब्द उच्चारला आणि मी अडकले.
त्याला आपल्याकडे घरगुती शब्दच नाही.
मुक्ती म्हटलं तर कुणी वारल्यासारखं वाटतं,
सुटका म्हटलं तर तुरुंग,
विमोचन पुस्तकांचं होतं, हार-नारळासकट.
दुसऱ्याचं मूल घेतलं की दत्तक.
मुलाने स्वतःलाच घेतलं तर काय?
शेवटी म्हणाले, "वैजयंतीताई,
तुमची मुलगी कायद्याने वेगळी निघतेय."
"वेगळी? लग्नाआधी?"
हेही मला इंग्रजीत सांगावं लागलं.
शपथच तशी. ऐकलं ते गाळायचं नाही.

वय चौदा पूर्ण हवं. जुईलीला साडेसोळा.
आईबापांची हरकत नसताना बाहेर राहत असावी.
मार्चपासून ती ओरोस्कोबाईंच्या गॅरेजवर, भाडं साडेचारशे.
मिळकत सरळ मार्गाची हवी:
डोनटचं दुकान, शाळेआधी, पहाटे पाचपासून
(चारला कायदा येऊ देत नाही).
खर्चाच्या रकान्यांत साबण, बसचा पास, फोन.
करमणुकीपुढे शून्य,
ते खोडून पुन्हा शून्य.

कारण तिने खाली बघत सांगितलं.
दुभाष्याला "ती म्हणते" म्हणता येत नाही,
"मी" म्हणावं लागतं.
म्हणून त्या अनोळखी बाईंना मीच म्हणाले:
"आई, मी नऊ वर्षांची असताना बाबांनी
विजेचं बिल माझ्या नावावर केलं.
मग दोन क्रेडिट कार्डं.
तुला ठाऊक होतं."

वैजयंतीताई माझ्याकडे बघत राहिल्या,
पोरीकडे नाही.
"होतं ठाऊक. वीज तोडायला माणूस आला होता.
तुला ताप होता."
मी इंग्रजीत तोंड उघडायच्या आत
जुईलीने मान फिरवली.
तिला मी लागतच नव्हते.

बापाची संमती पोस्टाने आलेली.
सही ठसठशीत, तारीख चुकलेली.

शिक्का बसला.
आता भाडेकरार तिच्या सहीने,
दाढ काढायची तर तिच्याच सहीने.
मत नाही, दारू नाही, ते अजून वयावर.
"आणि दिवाळीला?" वैजयंतीताईंनी विचारलं.
मी भाषांतर केलं.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला,
म्हणाल्या, त्याबद्दल कायदा काही सांगत नाही.

बाहेर लिफ्टपाशी दोघी उभ्या,
मधे कचऱ्याचा डबा.
मी बाकावर माझ्या तासांचा कागद भरत होते:
अकरा चाळीसला काम संपलं.
लिफ्ट आली. सबंध सकाळ इंग्रजीत काढलेली पोर
पायाने दार अडवून म्हणाली,
"येते."

निघताना आपण "जाते" म्हणत नाही,
म्हणून असेल. सवय असेल.
दार मिटलं.
वैजयंतीताई वळून माझ्याकडे बघू लागल्या,
हे तरी मी नीट उलगडून सांगेन
अशा आशेने.

मी खाली वाकून
पेनाचं टोपण शोधत राहिले.