तूट

पंप बंद होऊन चौदा वर्षं झाली.
भावफलकावर दोनच आकडे उरलेत,
दशांशापुढचे कुणीतरी काढून नेले.
मागच्या बाजूला गुळाची अडत.
मार्गशीर्ष. रव्यांनी भरलेले टेम्पो,
आणि शाहूपुरीच्या या गल्लीत तो गोड, जड वास.

मला नेमका तोच नको होता.
जमिनीत मुरलेलं पेट्रोलही गोडसर येतं.

भोकं सहा घ्यायची ठरलीत.
रंगा भोपळे दोन्ही हातांनी गिरमिट फिरवतो.
तालमीतलं अंग, चेपलेले कान,
गुडघा गेल्यापासून आमच्या गाडीवर.
पहिल्या फुटात डांबर, विटांचा चुरा, सोड्याचं एक बूच.
तिसऱ्यात काळी, बोटं न सोडणारी.
पाचव्यात मुरूम, तांबूस, कोरडा,
काही माहीतच नसल्यासारखा.
मी बरणी भरते, झाकण आवळते, चिठ्ठी लावते,
बर्फाच्या पेटीत ठेवते,
हातमोजे बदलते. दर वेळी नवे.
रंगा हसतो: एवढं सोवळं
आमच्या देवळातला गुरव बी पाळत न्हाई, मॅडम.

नवव्या फुटाला गिरमिटाचा आवाज बदलला.
वर आली ती माती हिरवट राखाडी,
आतल्या आत कुणी तिचा रंग धुऊन काढावा तशी.
वास घ्यायचा नाही असा नियम आहे.
मी सांगेपर्यंत रंगाची मूठ नाकाशी गेली होती.

हौदात तेल आमीच वततो, मॅडम.
तेल, ताक, हळद, लिंबं, कापूर.
माती पिती आन् मऊ हुती.
ही बी प्यालीया. खरं, हिला पचलं न्हाई.

मी मीटर धरला.
आकडा चढत गेला, आणि मग मोजायची हद्दच संपली.

दुपारी इस्माईल बागवान आले,
सत्तावीस वर्षं याच पंपावर,
रेक्झिनच्या पिशवीत वह्या घेऊन.
सकाळी सहाला टाकीत काठी सोडायची,
कुठवर ओली झाली बघायचं, लिहायचं.
तूट नऊ लिटर. तूट अकरा. तूट चौदा.
शेजारी कारणाचा रकाना,
त्यात त्यांच्या वळणदार अक्षरात
पानामागून पान एकच शब्द:
उडालं.
उडालं.
दिवाळीत उडालं, थंडीत उडालं,
आणि पंचगंगेचं पाणी चढलं त्या आठवड्यात
तूट नाहीच. वाढ. बारा लिटर.
तिथं रकाना कोरा.

मी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.
ते बराच वेळ बोटाकडेच बघत राहिले.
जिथून पाणी आत आलं, म्हणाले,
तिथनंच ते बाहेर जात असणार, न्हवं?
मग वही मिटून:
मालक म्हणायचे, उन्हानं उडतंय.
आमी वरच बघत राहिलो, बाई.

सातवं भोक नकाशावर नव्हतं.
ते मी मागच्या बोळात घेतलं, सुनंदा मगदूमांच्या भिंतीलगत,
जिथं आडावर शहाबादी फरशी टाकून
वर तुळशीची कुंडी ठेवलीय.
त्या चहा घेऊन आल्या. नळाच्या पाण्याचा हाय, घ्या.
आडाचा सोडला कवाच. वास मारायचा.
घरातली म्हणाली, तुझ्याच नाकात काहीतरी हाय.
हे सांगताना त्या मातीकडे बघत होत्या,
माझ्याकडे नाही.
सात फुटांवरच हिरवट लागली.

संध्याकाळी फॉर्म भरला. खोली, रंग, ओल.
वास या रकान्यात मी लिहिलं: गोड.
मग खोडलं. बाहेर टेम्पो उतरत होता,
आणि मला शपथेवर सांगता आलं नसतं.
आकडे पंधरा दिवसांनी येतील.

रंगानं भोकं बुजवली, गिरमिट पुसलं,
साबणानं हात धुतले, हुंगले,
पुन्हा धुतले.
आज तालमीत जात न्हाई, म्हणाला.
हौदात पोरं असत्यात.