सीन सात

शालिमारच्या दुकानात गांगुर्डेमामा सांगायचे,
गेन म्हणजे दार किती उघडायचं,
फेडर म्हणजे आत आलेल्याला कुठं बसवायचं.
हाय-पास लाव, नाहीतर
गोदेवरचा वारा गायकाआधी गाईल.
आणि म्यूट दाबलंस तरी
माणूस बोलतच असतो रे.

आज घाटावर, साउंडचेकला,
जुना सीन सात बोलावला.
सोळा फेडर आपोआप सरकले,
निवेदिकेचा खाली, तबल्याचा जरासा वर,
मामांच्या बोटांच्या मापानं थांबले.

चौथ्या चॅनेलला नाव: मामा टॉकबॅक.
माइक नाही. गेन उघडाच.

यावर नवं सेव्ह करू का, स्क्रीन विचारते.
मी चौथ्याचा सोलो दाबून
हेडफोन चढवतो.
बारीक सस्स.
बाहेर कुणीतरी पायरीवर धुणं आपटतंय.