अर्धी बाटली

सरवट्याहून मानपूरची बस सव्वासहाची.
कंडक्टर सुटे मागतो, मी देते.
"जानापाव? अकेली?"
हो म्हणते आणि खिडकीकडे वळते.
हे उत्तर आता अकरा वर्षांचं झालंय.

वसुधाताई अजून डब्यात एक लाडू जास्तीचा घालते,
कुणी भेटलंच तर म्हणून.
कुणी भेटत नाही.
दोन्ही लाडू मीच खाते.

देवळाचा रस्ता मी घेत नाही.
मागच्या अंगाला सागाचं रान आहे,
फाल्गुनात तिथली पानं पापडासारखी वाजतात,
पाऊल लपवायची सोयच नाही.
एक घोरपड मला ऐकून थांबली,
मी तिला पाहून.
बराच वेळ दोघींनी एकमेकींचं काही केलं नाही.

त्या दिवशी वाट सुटली.
करवंदीच्या जाळीपाशी कुणा गुराख्याने बांधलेली
लाल चिंधी असायची. नव्हती.
धारेवर पोचले तेव्हा चार वाजून गेले होते
आणि दोन्हीकडे सारखाच उतार,
सारखाच पिवळा, सारखाच मुका.

शाळेत पाठ केलं होतं:
इकडचं पाणी चंबळेला, मग यमुनेला, मग पार बंगालच्या उपसागरात.
तिकडचं नर्मदेला, आणि भडोचच्या पुढे समुद्रात.
मधे बैलाच्या पाठीएवढा काळा कातळ,
त्यावर मी,
बुटात खडा.

बाटलीत अर्धं पाणी होतं.
शहाण्या बाईने ते प्यायलं असतं.
मी कातळावर ओतलं.

पाणी थबकलं.
कडेला फुगलं,
एक बोट उत्तरेला काढलं, एक दक्षिणेला,
फळ्यापुढे उभ्या केलेल्या पोरासारखं चुळबुळलं
आणि कुठेच गेलं नाही.
दगड दिवसभराचा तापलेला. त्याने पिऊन टाकलं.
कडा आत आत सरकत आल्या,
काळं, मग राखी,
मग तांदळाएवढा ठिपका,
मग दगड.

मी मोठ्याने काहीतरी बोलले. काय, ते आठवत नाही.
उतार कसा निवडला तेही नाही.
खाली शेळ्या होत्या, आणि एक पोरगा,
कमरेला गोफण.
"कां जई री हो बाईजी? रोड तो वां है."
लाडू त्याला दिला.
वसुधाताईला अजून सांगितलेलं नाही.

रामबागेतल्या गॅरेजात जस्ताचा पत्रा
सोळा दिवस नुसता पडून होता.
इतकी वर्षं डोंगर काढत आले ते सुईने,
मेण खरवडून, घळ न् घळ मोजून,
आणि सगळे डोंगर फोटो काढून घ्यायला आल्यासारखे
सरळ उभे राहिले.

या वेळी सुई घेतली नाही.
पत्र्यावर राळेची धूळ, खालून आच,
मग तेजाब.
वीस सेकंद. काढला, धुतला, कडेकडेने वार्निश.
पुन्हा चाळीस. अजून आत वार्निश.
पुन्हा.
तेजाबाला थांबायचं कळत नाही,
ते काम माझं.
खोकला आला, दार उघडलं,
समोर कुणीतरी स्कूटर धूत होतं.

ओला कागद, रोळ फिरला.
उचलला तर
मधे काळा डाग
आणि भोवती त्याच्याच जुन्या कडा, फिकट होत गेलेल्या.

फ्रेमवाले सिराजभाई तो फिरवून फिरवून बघतात.
"बाई, वरची बाजू कुठली?"
मी खरंच विचार करते.
गिऱ्हाईक खोळंबलंय, भुशाचा वास,
ते हातोडी धरून उभे.
मग सांगते,
आकडी दोन्हीकडे ठोका.