कोरडी गोळी

लॉरेल ओढ्याच्या वळणावर, जिथं धुकं उशिरा उठतं,
महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही जमतो.
सहा-सात म्हातारे, एक दंतवैद्य,
आणि आर्डिथ, जिचा नेम आम्हा सगळ्यांपेक्षा बरा
आणि तसं म्हटलेलं तिला खपत नाही.
ठासणीच्या बंदुका आमच्या.
वेस्ट व्हर्जिनियात घाईची माणसं पुष्कळ आहेत,
त्यांनी हमरस्त्यानं जावं.

एका बाराला आमचा आठवडा जातो.
सोमवारी शिसं वितळवायचं,
वरची काजळी पळीनं सारायची,
साचा आधी तापवायचा, नाहीतर गोळीला सुरकुत्या पडतात.
मग गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या चिंध्या
(लव्होन अजून ती गादी शोधते आहे),
त्यांना मेण आणि चरबी.
गुरुवारी शिंग.
गाईचं शिंग काचेच्या तुकड्यानं खरवडत बसायचं,
उजेडात धरलं की आत दारू किती उरली
ते दिसेपर्यंत.

माझी बंदूक थर्लो पेट्रीनं घडवली.
चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढून
उरलेल्या दोन बोटांवर नि एका अंगठ्यावर
त्यानं मेपलचा दस्ता कोरला.
अकरा महिने लागले. विचारलं की म्हणायचा,
"लाकूड काय म्हणतंय ते ऐकू येत नाही,
तू जरा गप्प बसशील का?"
ओंडक्यात कुऱ्हाड रोवून, पात्यावर गोळी दुभंगवून
दोन्ही बाजूंच्या खापऱ्या फोडणारा
आमच्यात तो एकटाच. आर्डिथ सोडून.

फांदीला गाईच्या गळ्यातली एक घंटा टांगलेली असायची.
दारू घालायची विसरून ज्यानं नुसतीच गोळी ठासली
त्यानं ती वाजवायची, सगळ्यांना पाय खिलवायचा.
आम्ही सगळ्यांनी वाजवली आहे. दंतवैद्यानं तर इतकी
की आम्ही त्याला गुराखी म्हणतो.
थर्लोनं एकतीस वर्षांत एकदाही नाही.

एप्रिलमध्ये त्यानं चाप ओढला.
गारगोटी पडली, रंजक भुर्रकन जळली,
आणि पुढं काही नाही.
आम्ही इतके हसलो की वेंडलची कवळी निसटली.
थर्लोही हसला. घंटा वाजवली.
कानातून चिमूट चिमूट दारू सारून
अडकलेली गोळी त्यानं फुसकन बाहेर काढली.

अकरा वाजता पुन्हा.
हसलो, पण कुणीतरी आधी थांबलं.

जेवणानंतर तिसऱ्यांदा.
तो स्वतःच चालत गेला घंटेपाशी,
दोरी धरून उभा राहिला,
आणि आमच्याकडं वळून विचारलं,
"आता कोण विसरलं?"

ओढा किती मोठ्यानं वाहतो
ते त्या दिवशी कळलं.

मे महिन्यात फांदीवर घंटा नव्हती.
कुणी काढली, कुणी विचारलं नाही.
पायची पाळी आपोआप आर्डिथकडं गेली,
तिचा पाय वाईट असतो, आम्ही खातो.

आता मी त्याच्या डाव्या हाताला उभा राहतो.
माझी बंदूक भरता भरता
उगाच, स्वतःशीच बोलल्यासारखं,
पण थोडं मोठ्यानं:
आधी दारू.
मग चिंधी.
मग गोळी. गज खालपर्यंत.
गज बाहेर काढला का? काढला.

जूनमध्ये त्यानं माझ्याकडं रोखून पाहिलं.
"येतं मला," म्हणाला.
मी गप्प झालो.
त्यानं शिंग उजेडात धरलं, हलवलं,
बराच वेळ आत पाहत राहिला.
मग, न वळता,
"पण तू म्हणत राहा."

त्या बाराचं काय झालं ते सांगत नाही.
धूर होता. नेहमीसारखाच
सडक्या अंड्यांचा वास.

घंटा दंतवैद्याच्या गाडीत आहे, मागच्या सीटखाली.
परतताना खड्डा आला की वाजते,
आणि तो रेडिओ मोठा करतो.