हाताला लागेल अशी

भद्रावती पेठेत समुद्र नाही.
नळाला पाणी चार दिवसांआड,
आणि मी भरलेल्या बादल्यांशेजारी बसून
दोरी मोजते.
एकशे वीस मीटर. पांढरी, नायलॉनची.
सोमवारी पुन्हा उतरायचंय,
वेंगुर्ल्यापासून बरंच आत, पंचावन्न मीटरवर,
डाव्या कुशीवर निजलेल्या एका मालवाहू बोटीत,
जिच्या इंजिनखोलीत अजून
कुणाची तरी चहाची किटली आकड्याला आहे.

नायना माग थांबवून येतात.
"तुटली काय की?"
मी काही म्हणायच्या आत
दोन टोकं त्यांच्या चिमटीत, थुंकीचं बोट, एक पीळ,
आणि गाठ गेली.
म्हणजे बसली; पण दिसेना, लागेना,
नख फिरवलं तरी अडेना.
चाळीस वर्षांत त्यांच्या एकाही चादरीची गाठ
कुणाच्या गालाला टोचलेली नाही.

"नायना, ही नको."
ते माझ्याकडे बघत राहतात.

कसं सांगू.
तिथं आत गाळ पिठासारखा असतो.
फिनचा एक चुकार फटका, की
टॉर्च असून नसल्यासारखी.
छत कुठलं, तळ कुठला,
आपलेच बुडबुडे कुठं चाललेत कळत नाही.
तेव्हा डोळे मिटलेलेच बरे.
अंगठ्याचं नि बोटाचं कडं करायचं,
कड्यात दोरी, आणि सरकायचं मागं:
गाठ. तीन मीटर. गाठ. तीन मीटर.
एक जरी लागली नाही
तर दार किती लांब आहे ते
त्या किटलीलाच ठाऊक.

एवढं नाही सांगितलं.
म्हटलं, "जाड पाहिजे. अंधारात,
हातमोज्यातून लागेल अशी."

गाठ वर आली म्हणून गुंडेटी शेठनं
एकदा त्यांची आठवड्याची मजुरी कापली होती.
मी तेव्हा तिसरीत.
त्या महिन्यात घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

बराच वेळ गेला.
मग त्यांनी चष्मा कपाळावर सारला, मांडी घातली,
आणि जन्मात पहिल्यांदा
मुद्दाम वाईट गाठ मारली.
बोटांना जमेना.
दोनदा सवयीनं बारीकच झाली, दोनदा सोडवली.
तिसऱ्यांदा आली: ओबडधोबड, चिंचोक्याएवढी.
तिच्याकडे त्यांनी असं पाहिलं
जसं दुसऱ्या कुणाचं काम आहे.

चाळीस गाठी.
अकरा वाजून गेले, शेजारचे माग चालूच.
शेवटची माझ्या हातात देत म्हणाले,
"डोळे मिट."
मिटले.
"लागली?"