समुद्रसपाटीच्या खाली

युमाहून निघालो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते
आणि पहिल्याच वळणावर आर्डिथनं सांगून टाकलं,
"घटस्फोट झाला तो तुम्हा दोघांचा.
माझी सही घेतली होती का कुणी?"
मग थर्मासचं झाकण फिरवून
अर्धी कॉफी मला, अर्धी स्वतःच्या गुडघ्यावर.

दर मार्चला हे ठरलेलं.
पूर्वी तिघं असायचो,
तो गाडी चालवायचा आणि वाटेतल्या प्रत्येक दगडाचं वय सांगायचा.
आता गाडी मी चालवते.
दगडांचं वय आम्ही विचारत नाही,
बाईला विचारू नये तसंच.

जोशुआ ट्रीच्या फाटकात एक रेंजर पोरगा,
उन्हानं सोललेलं नाक, छातीवर नाव : टकर.
पास कुणाचा?
आर्डिथचा. बासष्ट उलटली की मिळतो, जन्मभराचा.
त्या पासवर गाडीतली सगळी माणसं आत,
कोण कुणाचं ते लिहायला जागाच नाही त्यावर.
त्यानं नकाशा दिला, हात हलवला,
आणि मीच उगाच बोलून गेले, ही माझी सासू.
माजी म्हणायचं होतं.
जिभेला तेवढं वळण घेता आलं नाही.

मोहावीत रेडिओ खरखरला आणि मेला.
रुळांपाशी थांबलो, मालगाडी जाईना.
एकशे सतरा डबे, तिनं मोजले.
मी एकशे पंधरा. वाद घातला, मजा आली.

बेकरला पेट्रोल भरताना तिचा फोन वाजला. तोच.
"हो रे. घेतल्या गोळ्या.
नाही, एकटी नाही,
सोबत एक ओळखीची आहे."
नळी परत अडकवताना माझा हात
जरा जास्तच जोरात आपटला.
पुढचे चाळीस मैल ती खिडकीतून बाहेर बघत होती
आणि मी मीटरकडे.
मग न बोलता तिनं संत्रं सोललं,
शिरा काढून काढून
एकेक फोड माझ्या तळव्यावर ठेवत गेली.

फर्नेस क्रीकला पोचलो आणि वारा सुटला.
खुंट्या जमिनीत शिरेनात, दगड ठेवले.
सूप उकळायला लागलं तेवढ्यात तंबूची काडी मोडली,
कड्कन,
आणि सगळं कापड अंगावर.
आत दोन बायका, विजेरी, टोमॅटोचा वास.
आधी ती हसली.
"काडी मोडली तर मोडली," म्हणाली,
आणि त्या जागी लाकडी डाव बांधला,
चिकटपट्टीचे अकरा वेढे.
तंबू उभा राहिला, एका अंगाला कललेला,
रात्रभर कुरकुरत.
ती घोरते. हे तो कधी बोलला नव्हता.

सकाळी टिंबिशा वस्तीत लिओनाच्या टपरीवर
तळलेली पोळी, वर मध.
आर्डिथनं विचारलं,
एवढ्या छान जागेला मरणदरी म्हणालं तरी कोण?
लिओना कढईवरून नजर न काढता म्हणाली,
"ज्यांना पाणी कुठं आहे ते माहीत नव्हतं, त्यांनी."
आणि अजून एक पोळी वाढली.
तिचे पैसे घेतले नाहीत.
का नाही, तेही सांगितलं नाही.

बॅडवॉटरला मीठच मीठ,
षटकोनी खपल्या पार डोंगरापर्यंत.
मागं कड्यावर, मान मोडेल इतक्या उंच,
एक पांढरी पाटी : समुद्रसपाटी.
आम्ही तिच्या दोनशे ब्याऐंशी फूट खाली.
आर्डिथनं बूट काढले, मोजे बुटात कोंबले,
एका हातात बूट, दुसऱ्यात माझं कोपर.
मीठ पायाखाली वाळल्या पापडासारखं मोडत होतं.

"पोहता येतं का गं तुला?"
सोळा वर्षांत हे तिनं विचारलं नव्हतं.
नाही, म्हटलं.
"मलाही नाही," म्हणाली,
आणि चालत राहिली.