दुहेरी कडं

ढमढेरे मॅडमनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
लोखंडी कडी दोन, एकात एक बसणारी,
हातोडा, बादली, पट्टी,
आणि आम्ही सत्तावीस जण, नवे बूट घातलेले,
शिवाजीनगरच्या उन्हात.

आधी कडं ठोकलं करंजाखाली.
पाणी ओतलं, पाणी गेलं.
रेवणसिद्धच्या घड्याळात चार मिनिटं, बस्स.
"कुठं गेलं?"
खाली, म्हणालो आम्ही.
"खाली जागा होती का?"

कुणी बोललं नाही.

मग कॅन्टीनकडे जाणारी पाऊलवाट,
हिरवळ कापत तिरपी पडलेली.
तिथं कडं शिरेना. हातोड्याचा आवाजच वेगळा.
पाणी ओतलं, ते बसून राहिलं,
त्यात आभाळ, एक घार, आमची डोकी.
चहाची सुट्टी टळली तरी
पट्टीवरची रेघ जागची हलेना.

"माती तीच," मॅडम म्हणाल्या, "कणही तेच.
तुमच्याआधीच्या पोरांनी
चहाच्या घाईत यातली पोकळी तुडवली.
आपला विषय, ती पोकळी."

वहीत आकडा लिहिला: तासाला तीन मिलिमीटर.

परतताना सगळे
हिरवळीला वळसा घालून, लांबून गेलो.
तेजल सोडून.
तिला भूक लागली होती.